पाटे कापले, आता जबाबदारी कुणाची?

पोस्ट मोठी आहे. ज्यांच्या दारात जुनी जीप उभी आहे, किंवा ज्यांचं पोरगं 'जीप घ्यायचीय' म्हणून मागे लागलंय, त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचावी. बाकीच्यांनी निदान मधला हिशोब वाचा, कारण रस्त्यावर समोरून येणारी गाडी कुणाची असेल ते आपल्या हातात नसतं.

गेले महिनाभर मुरबाड-शहापूर पट्ट्यातल्या पोरांच्या मोबाईलवर एकाच जातीचं रील फिरतंय. मिलिटरी हिरव्या रंगाची जुनी जीप, मागचं एक चाक ओढ्यातल्या दगडावर, दुसरं खाली खड्ड्यात, आणि बॉडी मात्र सरळ. पाठीमागे ढोल. वर अक्षरं येतात, 'फोर-लिंक केलंय भावा, पाटे विसरा.' खाली शेदीडशे पोरं विचारतायत, कुठं केलं, किती घेतले, माझ्या पाचशेचाळीसला बसेल का. 'ब्रेकचा पाइप पुरतो का' हे एकानेही विचारलेलं नाही. 'वेल्डिंग कुणी केलं, कशावर केलं' हेही नाही.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो, नाहीतर कमेंटमध्ये 'पत्रकारसाहेब जीपवाल्यांच्या विरोधात' असं सुरू होईल. जुन्या जीपला मागे चार दांड्यांचं सस्पेन्शन बसवणं हे मुळात वाईट काम नाही. नीट केलं तर उत्तम काम आहे. माझं भांडण दोघांशी आहे. गणित न करता चॅसी कापणाऱ्याशी, आणि गणित करणारा व न करणारा दोघांनाही एकाच पिंजऱ्यात उभं करणाऱ्या व्यवस्थेशी. यातला दुसरा जास्त दोषी आहे, कारण पहिला त्याच्याच सावलीत वाढतो.

ज्यांना गाडीतलं काही कळत नाही त्यांच्यासाठी आधी थोडं साधं सांगतो.

जीपला मागे पाटे असतात. एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्या, मधोमध यू-बोल्टने आखाला आवळलेल्या. पुढचं टोक चॅसीवरच्या पिनला, मागचं टोक शॅकलला. आपल्याकडे तुटलेला पाटा लोहाराकडे जातो आणि कोयता होऊन परत येतो, इतकं ते पोलाद चिवट. आपण समजतो की पाट्याचं काम ओझं झेलणं. ते अर्धंच झालं. आखाला पुढे-मागे सरकू न देणं, डावीकडे-उजवीकडे घसरू न देणं, आणि रेस दिली किंवा ब्रेक मारला की आख स्वतःभोवती पिळू न देणं, ही तिन्ही कामं तोच पाटा करतो. एका गड्याकडून नांगरणी, राखण आणि स्वयंपाक करून घ्यावा तसं. म्हणून तो कडक ठेवावा लागतो, आणि म्हणून रिकामी जीप म्हसा रस्त्याच्या खड्ड्यांत माणसाची आतडी गोळा करते.

फोर-लिंकमध्ये ही कामं वाटून दिली जातात. ओझं कॉइल स्प्रिंगने घ्यायचं, आख जागेवर धरायचा तो चार दांड्यांनी. खालच्या दोन दांड्या त्याला पुढे-मागे जाऊ देत नाहीत, वरच्या दोन त्याला पिळू देत नाहीत. वरच्या दोन तिरक्या लावल्या, म्हणजे एका बाजूला जवळ आणि दुसऱ्या बाजूला फाकलेल्या, तर डावं-उजवंही त्याच सांभाळतात. चारही दांड्या समांतर लावल्या तर मात्र पाचवी आडवी दांडी लागते, एक टोक चॅसीला आणि एक आखाला. तिला पॅनहार्ड रॉड म्हणतात. ती नसेल तर वळणावर आख एकीकडे आणि बॉडी दुसरीकडे. आपल्याच तालुक्यात मी असं एक काम पाहिलंय. चार दांड्या समांतर, पाचवीचा पत्ता नाही. मिस्त्रीला विचारलं तर म्हणाला, 'शॉकअप धरतात ना साहेब.' अहो, शॉकअप धरत नाहीत. शॉकअपचं काम स्प्रिंगचं उसळणं थांबवणं. आखाला बाजूने धरून ठेवायला त्याच्याकडे आहे काय, दोन टोकांचे दोन रबरी बुश.

हे तंत्र परदेशी चोचले आहे असंही नाही. आपल्या लग्नांच्या वऱ्हाडातली इनोव्हा घ्या, मागे चार दांड्या, एक आडवी दांडी आणि कॉइल स्प्रिंग. १९९८ ला आलेली टाटा सफारी मागे कॉइलवरच होती. आणि ज्या महिंद्रांनी १९४७ पासून विलीजच्या जीप जोडायला सुरुवात केली आणि पुढे कित्येक दशकं आपल्याला पाट्यांवर बसवलं, त्यांनीच २०२० च्या नव्या थारला मागे दांड्या आणि कॉइल दिले. कंपनीला जे पटलं ते जुन्या जीपवाल्या पोराला पटलं तर त्यात त्याचं काय चुकलं? फरक इतकाच की कंपनीने ती चॅसी त्याच दांड्यांसाठी आखली, चाचणीच्या रस्त्यांवर बडवली, आणि मग विकली. आपल्याकडे भंगारातून स्कॉर्पिओचं हौजिंग येतं, शनिवारी पाटे उतरतात, रविवारी दांड्या चढतात आणि सोमवारी रील. स्कॉर्पिओचा आख जीपपेक्षा रुंद, चाकं मडगार्डच्या बाहेर येतात. पोरांना तेच आवडतं.

आता हिशोब. शाळेतल्या गुणाकाराच्या पुढे जात नाही.

समजा इंजिनाचा टॉर्क १२० न्यूटन-मीटर. पहिल्या गिअरने तो तिप्पट होतो, डिफरन्शियलने आणखी पाचपट. १२० गुणिले ३ गुणिले ५, म्हणजे १८०० न्यूटन-मीटर. इतक्या जोराने चाकं पुढे फिरतात, आणि तितक्याच जोराने आखाचं हौजिंग उलट्या दिशेला पिळू पाहतं. ते पिळणं वरच्या आणि खालच्या दांड्यांनी मिळून अडवायचं. दोन्हींमधलं उभं अंतर २० सेंटिमीटर असेल तर १८०० भागिले ०.२, म्हणजे ९००० न्यूटन. आपल्या भाषेत साधारण ९०० किलोचा जोर. आता बॉडीखाली जागा पुरत नाही म्हणून मिस्त्रीने वरचं ब्रॅकेट खाली घेतलं आणि अंतर १० सेंटिमीटर केलं. जोर दुप्पट झाला, १८०० किलो. गाडी तीच, इंजिन तेच, ब्रॅकेट फक्त चार बोटं खाली आलं. आणि हा नुसता रेसचा हिशोब आहे. उतारावरचा कचकन मारलेला ब्रेक आणि खड्ड्यातला दणका यात धरलेलाच नाही.

हा जोर जाऊन बसतो कुठे? चॅसीवर वेल्डिंग केलेल्या हाताएवढ्या ब्रॅकेटवर. पाटा असताना ओझं आणि ओढ पुढच्या हँगरवर आणि मागच्या शॅकलवर पडायची, कंपनीने तिथे रिबेट मारून, आडवी पट्टी देऊन तयारी केलेली. दांड्यांची ब्रॅकेटं पडतात चॅसीच्या अशा जागी की जिथे कंपनीने कधी ओझं कल्पिलंच नव्हतं. त्यातून जुन्या जीपची चॅसी म्हणजे बहुतेक ठिकाणी उघडा चॅनेल, आणि तीस-चाळीस पावसाळे खाल्लेला. आपला पावसाळा कसा असतो ते मी तुम्हाला सांगायला नको. तिथे आधी आतून प्लेट देऊन चॅनेल बंद करावा लागतो, ब्रॅकेटखाली मोठी प्लेट घालून जोर पसरवावा लागतो, आणि चॅनेलच्या वरच्या-खालच्या काठावर आडवी वेल्डिंग मारायची नसते, कारण तापवलेल्या त्या रेषेतूनच पुढे तडा जातो.

गेल्या पावसाळ्यात म्हशाच्या अलीकडे एक जीप आखावर आडवी बसलेली मी स्वतः पाहिली. गाडीत चालवणारा एकटा होता, वेग नव्हता, निभावलं. वाकून पाहिलं. वेल्डिंग सुटलं नव्हतं हं. वेल्डिंग मजबूतच होतं. ब्रॅकेट चॅसीचा तळहाताएवढा पत्रा सोबत घेऊन फाटून निघालं होतं. जुन्या कापडाला नवं ठिगळ लावलं की ठिगळ टिकतं, त्याच्या कडेचं कापड फाटतं, तसंच. गाडी नवीन रंगवलेली, वरून बघाल तर शोरूममधून आल्यासारखी.

खरी गोष्ट पुढे आहे. त्या पोराने काय केलं? अंधार पडेपर्यंत थांबला, पिकअपमध्ये जीप टाकली आणि घेऊन गेला. पोलिसांत नोंद नाही, विमा कंपनीला कळवलं नाही, आरटीओचा तर प्रश्नच नाही. कसं कळवणार? कळवलं तर पहिला आरोपी तोच. विमा कंपनीला न सांगितलेला बदल म्हणजे क्लेम नाकारायला आयतं कारण. म्हणून झालेलं सगळं ताडपत्रीखाली गेलं. ज्या गॅरेजात ते काम झालं तिथे दुसऱ्या आठवड्यात दुसरी जीप उभी होती. ब्रॅकेट तसंच, जागा तीच. मिस्त्री बेइमान आहे असं मी म्हणत नाही, त्याला ते फाटल्याचं कुणी सांगितलंच नसेल. तो अजूनही छातीवर हात ठेवून सांगत असेल, 'आपलं एकही काम परत आलेलं नाही.' चुकलेलं काम परत येत नाही, लपून राहतं, आणि त्यातून कुणी काही शिकत नाही.

लपवावं का लागतं, ते आता बघू.

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. गाडीत असा बदल करायचा नाही की ज्यामुळे नोंदणी पुस्तकातला तपशील कंपनीने मुळात दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळा होईल. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या एका प्रकरणात हे आणखी घट्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ आलं. परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, किंवा दोन्ही. कायद्याचा हेतू मला मान्य आहे. रस्ता काही कुणाच्या बापाचा नाही, आणि प्रत्येकाने आपापल्या डोक्याने गाडी कापली तर मधल्यामध्ये मरतो तो सायकलवाला.

पण मग विचारतो, चांगलं काम करायची इच्छा असलेल्या माणसाला वाट कुठली? कुणाकडे नकाशा घेऊन जायचं? कोण तपासणार? मी चौकशी केली तेव्हा उत्तर मिळालं, 'असं प्रकरण आमच्याकडे येतच नाही.' येणार कसं? दारावर 'आत आलात तर दंड' अशी पाटी लावायची आणि मग म्हणायचं की कुणी येत नाही.

जुन्या गाडीवर प्रेम करणाऱ्यांसाठी सरकारने काही केलंच नाही असंही नाही. जुलै २०२१ मध्ये विंटेज गाड्यांचे नियम आले. ५० वर्षांपेक्षा जुनी दुचाकी किंवा चारचाकी, धंद्यासाठी न वापरलेली, मूळ रूपात राखलेली, चॅसी-बॉडी-इंजिनात मोठा फेरफार नसलेली. अशा गाडीला वीस हजार रुपये भरून दहा वर्षांची नोंदणी आणि 'व्हीए' अक्षरांचा नंबर. चांगला नियम आहे. पण ती गाडी रोज रस्त्यावर चालवायची नाही, प्रदर्शनाला, रॅलीला, दुरुस्तीला काढायची. आपल्याकडची आजोबांची जीप ही प्रदर्शनाची वस्तू आहे का हो? ती खताच्या गोणी आणते, आजारी माणसाला मुरबाडला नेते, पौषात म्हशाच्या बैलबाजाराला जाते. तिच्या मालकाला संग्रहालय नकोय, कंबर वाचवायचीय. म्हणजे एकीकडे जशीच्या तशी ठेवा आणि देव्हाऱ्यात बसवा, दुसरीकडे हात लावाल तर गुन्हेगार, आणि मधली जी खरी जागा आहे, वापरातली जुनी गाडी सुरक्षितपणे सुधारण्याची, ती कायद्यात रिकामीच.

आणि कायदा सगळ्यांना सारखा असता तर एकवेळ गप्प बसलो असतो. निवडणुकीच्या मिरवणुका आठवा. वाढदिवसांचे रोड शो आठवा. टप कापलेल्या, मागे उभं राहायला कठडा वेल्डिंग केलेल्या, ट्रकचे भोंगे आणि दहा दिवे लावलेल्या उघड्या जीपवर कोण उभं असतं? पक्षाचं नाव घेत नाही, कारण एकाचं घेतलं तर बाकीच्यांवर अन्याय होईल. त्या जीपचा नोंदणी पुस्तकाशी संबंध फक्त नंबरप्लेटपुरता. पुढे बंदोबस्ताला पोलिसांची गाडी. पाच हजार रुपये 'प्रत्येक बदलामागे' हा हिशोब त्या एका मिरवणुकीत लावला असता तर एखाद्या शाळेचं छप्पर झालं असतं. दंड होतो तो देहरीच्या बाजूला गोरखगडाच्या पायथ्याशी रविवारी गाडी लावणाऱ्या पोराला. तोही सस्पेन्शनचा नाही, काचेच्या काळ्या फिल्मचा. गाडीखाली वाकून कुणी बघतच नाही. जीव वरच्या काचेत आहे की खालच्या ब्रॅकेटमध्ये, हे तपासणाऱ्याला कळायला नको?

'मग काय, सगळ्यांना मोकळं सोडायचं?' असं एक मित्र म्हणाला. मोकळं सोडायला कोण सांगतंय! उलट बांधायला सांगतोय. आणि बांधायची दोरी घरातच आहे. गॅसचं किट आठवा. पेट्रोलच्या गाडीत सीएनजी टाकी बसवणं हा सस्पेन्शनपेक्षा लहान बदल आहे काय? दाबाखालची टाकी डिकीत ठेवायची आणि बायकोपोरांना वर बसवायचं. तरी ते होतं. किटला तपासणी संस्थेची मान्यता, बसवणारा अधिकृत, आरटीओत तपासणी, नोंदणी पुस्तकात नोंद. जुन्या गाडीला विजेवर नेणारी किटही अशाच मान्यतेने बसतात. दिव्यांग चालकासाठी गाडीत बदल करायला कलम ५२ मध्येच वाट आहे. मग मागच्या आखाच्या चार दांड्यांना काय विटाळ झाला?

पुण्यात एआरएआय आहे, १९६६ पासून. देशभरच्या गाड्या तपासून शिक्का देणारी संस्था आपल्या घाटाच्या पलीकडे. या भागात ज्या दोन-चार जुन्या चॅसी सर्रास दिसतात, तेवढ्यांसाठी मान्यताप्राप्त किटचे निकष ठरवा. ब्रॅकेटची जागा, प्लेटची जाडी, दांडीचा पाइप, बुश कुठला, स्प्रिंग किती ओझ्याची, ब्रेकचा होज किती लांब. किट बनवणारे लघुउद्योजक मुरबाड एमआयडीसीत सुद्धा मिळतील, तिथे लोखंड कापायला आणि जोडायला येणारी माणसं काही कमी नाहीत. आयटीआय झालेल्या वेल्डरची परीक्षा घ्या, परवाना द्या. काम झालं की गाडी कल्याणला आणा, खाली वाकून तपासा, फी घ्या, पुस्तकात लिहा. आपल्याच पोरांना धंदा, सरकारला महसूल, आणि फाटलेल्या ब्रॅकेटची नोंद ठेवायला एक वही.

ब्रिटनमध्ये २०२५ पर्यंत वर्षानुवर्षं गुणांची पद्धत होती. मूळ चॅसीला पाच गुण, सस्पेन्शनला दोन, आखांना दोन, गिअरबॉक्सला दोन, स्टिअरिंगला दोन, इंजिनाला एक. आठ गुण राखले तर जुना नंबर कायम राहायचा. चॅसीच कापली तर सवलत संपायची, गाडी नव्यासारखी तपासून घ्यावी लागायची. बघा किती सरळ होतं. सस्पेन्शन बदललं म्हणून कुणी गुन्हेगार ठरत नव्हतं, चॅसीला हात लावला की मात्र परीक्षा द्यावीच लागायची. जर्मनीत केलेला बदल तपासनीसाकडून पास करून गाडीच्या कागदांत चढवतात. त्यांच्याकडची पोरं आपल्या पोरांपेक्षा शहाणी जन्मत नाहीत, फक्त त्यांना विचारायला एक खिडकी आहे.

आता जीपवाल्यांना दोन कडू गोष्टी. इथपर्यंत टाळ्या वाजवल्या असतील तर थांबा.

पहिली, प्रवासी जीप. घाटावर जिला वडाप म्हणतात, आपल्याकडची काळी-पिवळी. तिला हे प्रकरण लावायचा विचारही करू नका. यात्रेच्या दिवसांत मुरबाड स्टँडवरून म्हशाला निघालेल्या जीपमध्ये परवान्यावरच्या आकड्याच्या दुप्पट माणसं असतात, दोघं मागे लटकलेली, टपावर बोचकी. एसटी वेळेवर असती तर ती माणसं तिथे बसली नसती, पण तो वेगळ्या पोस्टचा विषय. मुद्दा असा की हे ओझं पाटा कसाबसा निभावतो. एक पट्टी तुटली तरी बाकीच्यांवर गाडी लंगडत घरी येते. दांडीचं ब्रॅकेट तुटलं तर लंगडायची सोय नाही, आख एका बाजूने मोकळा होतो आणि मागून स्टिअरिंग केल्यासारखी गाडी रस्ता सोडते. शिवाय मऊ कॉइलवर पंधरा माणसं बसली की गाडी मागून टेकते, दांड्यांचे कोन बदलतात, सगळं गणित बिघडतं. एक-दोन मालकांनी 'पॅसेंजरला आराम' म्हणून चौकशी सुरू केल्याचं कानावर आलंय. ते पाहूनच ही पोस्ट लिहायला बसलो. माझी विनंती नाही, विरोध आहे. तशी गाडी स्टँडवर दिसली तर मी फोटोसह छापणार.

दुसरी गोष्ट हौशी लोकांना. ज्यांनी काम करून टाकलंय त्यांनी उद्या सकाळी गाडीखाली जावं. चाक मोकळं लटकवून बघा, ब्रेकचा होज ताणतोय का. कॉइलवर आख पाट्यापेक्षा खूप खाली जातो, जुना होज तेवढा नसतो, एका दगडावर तुटतो आणि पेडल सरळ फरशीला टेकतं. आख ठरावीक अंतराखाली जाऊ नये म्हणून पट्टा बांधलाय का ते बघा. प्रोपेलर शाफ्टचा स्लिप जॉइंट बाहेर येत नाही ना, बघा. आणि पिनियनचं तोंड. दांड्यांची लांबी चुकली की पिनियन वर-खाली बघायला लागतं, क्रॉस गुरगुरतो, मग तुटतो. विलीज घराण्यातल्या जुन्या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसतो, ट्रान्सफर केसच्या मागे शाफ्टवर असतो. म्हणजे मागचा क्रॉस तुटला की गाडीची ओढही गेली आणि हँडब्रेकही गेला. चढावर उभी केलेली गाडी आपली आपण निघून जाते. ब्रॅकेटच्या कडेने रंगात केसाएवढी रेघ दिसली, गंजाचं पाणी ओघळलेलं दिसलं, तर ती रंगाची रेघ समजू नका. गाडी तिथेच उभी ठेवा.

आणि ज्यांनी अजून केलं नाही त्यांनी आधी आहेत ते पाटे नीट करून बघा. हे मी फुकट सांगतोय, गॅरेजवाला सांगणार नाही. दहा-दहा वर्षं कुणी पाटे उघडत नाही. पट्ट्या गंजून एकमेकींना चिकटतात आणि सगळा पाटा एका लोखंडी पहारीसारखा वागतो. उतरवा, पट्ट्या सुट्या करा, घासा, तुटक्या बदला, ग्रॅफाइटचं ग्रीस लावून परत बांधा. बुश नवे, शॅकलच्या पिना नव्या, सेंटर बोल्ट नवा, यू-बोल्ट जुने परत आवळू नका, नवेच घाला. शॉकअप चांगले. कुणी मागच्या मालकाने 'लोड घ्यायला' म्हणून दोन जास्तीच्या पट्ट्या घातल्या असतील तर त्या काढा. हे सगळं मूळ तपशिलात बसतं, पुस्तकात काही बदलत नाही, दंड नाही, विम्याला कारण नाही. जितका त्रास पाट्यांच्या नावावर खपतो, त्यातला बराच गंजाचा आणि गेलेल्या बुशांचा असतो. एवढं करूनही कंबर दुखली तर मग दांड्यांचं बोलू.

काही मिस्त्री मंडळींचे फोन येतील हे माहीत आहे, 'पोटावर मारता' म्हणून. दादांनो, तुमच्या हातात कला आहे, ते मी नाकारत नाही. वर लिहिलेली गॅस किटसारखी पद्धत आली तर सगळ्यात आधी फायदा तुमचाच, भिंतीवर परवाना लावून दिवसाढवळ्या काम करता येईल. तोवर एवढं करा, कापायच्या आधी चॅसीचे फोटो काढा, कुठली प्लेट किती जाडीची घातली ते लिहून गिऱ्हाइकाला सहीनिशी द्या. नुसतं 'गॅरंटी' हा शब्द नको. ज्याला सही करायला हात थरथरतो त्याने कटर हातात घेऊ नये.

निवेदनाचा मसुदा तयार आहे. परिवहन आयुक्तांच्या नावे आहे, एक प्रत कल्याणच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयाला. मागण्या तीनच. जुन्या वापरातल्या खासगी गाड्यांच्या सस्पेन्शन किटसाठी मान्यतेची पद्धत, वेल्डर-फिटरसाठी परीक्षा आणि परवाना, आणि यात्रेआधी प्रवासी जीपच्या गाडीखालची तपासणी, काचेची नव्हे. येत्या सोमवारी सकाळी अकराला मुरबाड एसटी स्टँडसमोर सह्या घेतोय. शहापूरवाल्यांनी आपल्या बाजूची यादी वेगळी करून पाठवली तरी चालेल. नाव, गाव आणि सही पुरे. गाडीचा नंबर लिहू नका, नाहीतर निवेदनावर पहिली कारवाई तुमच्यावरच व्हायची.